गुरुजींच्या मापाची

दूध सोसायटीच्या सभेत भाषण ठोकणाऱ्या जालिंदर गुरुजींच्या तोंडी उठता-बसता सहकार. दुष्काळामुळे धारूरच्या डोंगरातल्या त्यांच्या वाडीवर टँकर सुरू झाला, तसा त्यांनी हा सहकार शाळेतही आणला. रोज सकाळी पोरींनी टँकरवरून गुरुजींच्या खोलीवर हंडे वाहायचे आणि गुरुजींनी शाबासकी द्यायची!

शिक्षक दिनाला त्यांनी बजावलं, "विकतचं काही नको. हातानं केलेलं द्या."

टेबलावर कागदाची फुलं आली, ज्वारीच्या धाटांची बैलगाडी आली, चिंध्यांचं पायपुसणंही आलं. गुरुजी खूश! शेवटी सातवीतल्या मनकर्णानं एक गुबगुबीत चुंबळ पुढं केली. जुन्या लुगड्याची, कडेनं मणी शिवलेली. हंड्याखाली डोक्यावर ठेवली तर टोचायचं नाव नाही.

"वा! झ्याक जमलीय," गुरुजी म्हणाले. "पण पोरी, तुझ्या डोक्याला ही लई मोठी हाय की."

 

"माझी न्हाई ती, गुरुजी. तुमी खुर्चीत डुलक्या घेत होतात, तवाच तुमच्या डोक्याचं माप घेतलं व्हतं."