साहेबाची भिंत

सुनेनं, माधवीनं, वर्षभर चतुराबाईंना भिंतीत एक खिळा ठोकू दिला नव्हता. सिकंदराबादेजवळचं इंग्रजाचं हे जुनं फार्महाऊस तिनं हौसेनं राहायला घेतलेलं. खिळा मारला तर चुन्याचा गिलावा उखडेल म्हणे. होता तो एकच जुना खिळा, भिंतीतल्या शेकोटीच्या वर. त्यावर घराचा इतिहास म्हणून त्या साहेबाची तसबीर टांगलेली, आणि चतुराबाईंच्या वारलेल्या मालकांचा, आबासाहेबांचा, फोटो ट्रंकेत.

पितृपक्षात आबासाहेबांच्या तिथीला माधवीनं सगळा स्वयंपाक नेमानं केला. चतुराबाईंनी पान वाढलं आणि सरळ साहेबाच्या तसबिरीपुढं नेऊन ठेवलं.

“आई, हे काय? पान आबांचं आहे ना?”

“या घरचा पितर तू केव्हाच निवडलास, माधवी. मी नुसतं पान वाढलं.”