भूगोलाचं कव्हर

लेकीची जुनी पाठ्यपुस्तकं शेजारच्या मुलीला द्यायची, म्हणून ज्योत्स्ना त्यांची खाकी कव्हरं काढत होती. भूगोलाच्या कव्हरातून निघाली कादंबरी. "म्हणजे हा अभ्यास चालायचा होय! आणि शिकवणीला जा म्हटलं की बाईसाहेबांचं पोट दुखतं!"

आज जाब विचारायचाच, असं ठरवून तिने कोपरा दुमडलेलं पान उघडलं. कादंबरीतली मुलगी लेकीच्याच वयाची होती. ओट्याशी उभ्या असलेल्या आईला ती सांगत होती, "मला त्या काकांकडे नको पाठवूस. ते दार लावून घेतात." त्या आईने गॅस बंद केला आणि मुलीला पोटाशी धरलं.

त्या ओळींखाली पेन्सिलीने इतक्यांदा रेघ ओढली होती की कागद फाटला होता. समासात लेकीचं बारीक अक्षर होतं : 'हिच्या आईने ऐकलं.'

ज्योत्स्नाने घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच झाले होते. पाच वाजता तिनेच रडणाऱ्या पोरीला दंडाला धरून शिकवणीच्या सरांच्या दारात सोडलं होतं. जिना उतरताना आतून कडी लागल्याचा आवाजही तिने ऐकला होता.