न फाटलेला पडदा

“बाबा, खाणीतला पडदा खरंच ड्रायव्हरकाकांनी फाडला का?”

विचारून टाकलं पोरीने एकदाचं. शाळेत नुसती टकळी चालते तुझी, घरी विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. ड्रायव्हरकाकांची मुलगी तिच्याच बाकावरची. खाणीतल्या अपघातात काका गेले आणि दोषही त्यांचाच ठरला, म्हणून घरच्यांना क्वार्टर सोडायला सांगितलं होतं.

बाबांचा घास हातातच राहिला. कोपऱ्यात आई दाभणाने जाड ताडपत्री शिवत होती. खाणीतले बोगदे एवढाले, की दोन ट्रक शेजारून जातील. तिथे छतापासून जमिनीपर्यंत पडदे सोडायचे, म्हणजे हवा मधूनच परत न फिरता पार आतल्या माणसांपर्यंत पोचते. पडदे टांगायचे काम बाबांचं. गाड्या ते फाडत आणि आई शिवत बसे.

“चौकशीत तसंच ठरलंय,” बाबा म्हणाले. “घाईत गाडी घातली त्याने. पडदा फाटला, आत हवा पोचली नाही. दोघं गेले आणि तोही गेला. जेव आता.”

“मग तो फाटका पडदा कुठाय? सगळे आपल्याकडेच येतात ना शिवायला?”

दाभण थांबलं.

“आगाऊपणा पुरे,” बाबा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

“त्या आठवड्यात एकही आला नाही,” आई हळूच म्हणाली. “मला वाटलं, बरं झालं, जरा उसंत मिळाली.”

बाबांनी ताट सरकवलं. ते आईकडे वळले.

“तुझी बोटं बघवत नव्हती गं. पार चाळण झालेली. म्हटलं, पडदा थोडा वेळ वर बांधून ठेवू, गाड्या खालून जातील. सगळेच बांधतात. मग सोडायचा राहून गेला.”

आईने बोटं मुठीत मिटून घेतली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पैज जिंकली होती. उद्या मैत्रिणींना काय सांगायचं, ते मात्र एरवी कधीही न अडणाऱ्या त्या पोरीला सुचेना. तिने आईकडे बघितलं, मग बाबांकडे.

“उद्या मी ड्रायव्हरकाकांच्या घरी जाणार आहे,” ती म्हणाली. “बाबा, तुम्ही आलात तर खरं काय ते तुम्ही सांगा. नाही आलात, तर मी सांगेन.”