नऊशे रेकॉर्डींची आवराआवर

"ही पण द्यायची?" मुलीनं विचारलं.

"ही पण." बाबांनी रेकॉर्ड पाकिटात सरकवली आणि दाराजवळच्या खोक्यात उभी ठेवली. "संगणकात उतरवून झाली. आता तिचं इथे काय काम?"

गेली वीस वर्षं मुलगी याच रेकॉर्डींवरून त्यांच्याशी भांडत आली होती. नऊशे रेकॉर्डी आणि दोनशे कॅसेटी. घरातली सगळ्यात मोठी, उजेडाची खोली त्यांनी अडवून ठेवलेली. "बाबा, हे सगळं फोनात मावतं हो आता," असं ती कानीकपाळी ओरडायची. बाबा ढिम्म हलायचे नाहीत. उलट संध्याकाळी आणखी दोन रेकॉर्डी काखोटीला मारून आणायचे.

आणि सात महिन्यांपूर्वी त्यांनी आपण होऊन प्लेअरची वायर संगणकाला जोडली.

या कामात घाई चालत नाही. पाऊण तासाची रेकॉर्ड उतरवायला पाऊण तासच लागतो. सकाळी फिरून आले की बाबा बसायचे आणि शेवटची खरखर थांबल्यावरच उठायचे. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, त्यामुळे यादीसुद्धा रेखीव. बघता बघता सगळा खजिना साबणाच्या वडीएवढ्या डबीत गेला. रेकॉर्डी संगीतशाळेला निघाल्या.

मुलीला आनंद व्हायला हवा होता. पण ती नर्स होती. अशी आवराआवर तिनं वॉर्डात पाहिली होती. माणसं आपलं घड्याळ, किल्ल्या, पेन ज्याच्या त्याच्या हवाली करायला लागतात. न रडता, अगदी हसतखेळत.

त्यात बाबांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता.

"वजन उतरलंय तुमचं."

"उतरायलाच हवं होतं."

"तपासण्या केल्यात?"

"सगळ्या. अगदी नखशिखान्त."

"आणि मला सांगितलं नाहीत? डॉक्टर काय म्हणाले?"

बाबांनी पुढच्या रेकॉर्डीवरून फडकं फिरवलं. "म्हणाले, मनात असेल ते करून घ्या. पुढे ढकलू नका."

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. डॉक्टर ते खाटेजवळ बोलायचे आणि बाहेर येऊन मान हलवायचे.

"रिपोर्ट दाखवा मला."

"दाखवीन गं. आधी ही खोली होऊ दे. महिनाअखेर रिकामी हवी."

"आणि मग?"

"मग निवांत." ते हसले. "आणि हे बघ, महिना संपला की सोमवारी रजा टाक. एका कागदावर तुझी सही लागेल. तुझ्याशिवाय कुणाची घेऊ?"

कसला कागद, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. घर तिच्या नावावर करत असणार, आणखी काय!

त्यानंतर ती ड्यूटी संपली की रोज यायला लागली. एकदा तिनं चार रेकॉर्डी गुपचूप पिशवीत घातल्या. बाबांनी बरोबर पकडलं.

"काढ त्या. मोजून द्यायच्यात."

"एवढी घाई कशाला, बाबा? राहू दे ना पसारा!" तिचा आवाज चिरकला. "मी पुन्हा कधी त्यावरून बोलणार नाही. शप्पथ."

बाबांनी त्या चारही रेकॉर्डी परत खोक्यात लावल्या. "तुझी आई गेली तेव्हा मी हातपाय गाळून बसलो. नऊ वर्षं एक कपाट उघडलं नाही. या खेपेला सगळं वेळेवर करायचंय." मग त्यांनी तिचा फोन मागून घेतला आणि त्यात एक गाणं घालून परत दिला. "हे ऐक. तुटलेली टेप होती, सांधली."

रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेलं कुठलंसं गाणं सुरू झालं. मध्येच स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अहो, ते राहू दे! दूध उतू गेलं इकडे!" आणि मग तिचं ते खळखळून हसणं. गाणं बिचारं मागेच पडलं.

मुलीनं ते सलग चार वेळा ऐकलं. नऊ वर्षांनी आई तिच्या तळहातात हसत होती. त्या हसण्यानं तिला बळ आलं. जेवढे दिवस मिळतील तेवढे बाबांजवळ राहायचं आणि रडत राहायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनं बिनपगारी तीन महिन्यांची रजा मंजूर करून घेतली.

सोमवारच्या आदल्या दिवशी, सकाळीच, ती बॅग घेऊन हजर झाली. खोली मोकळी होती, भिंतींना ताजा रंग. "मी आता इथेच राहणार," ती म्हणाली. "तुम्ही काही बोलू नका."

बाबा बोलणारच होते, तेवढ्यात खाली टेम्पो थांबला. ते दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरले.

दोघा हमालांनी एकेक खोकं वर आणलं. मागोमाग बाबा आले आणि त्यांच्याबरोबर साठीच्या एक बाई, चष्मा कपाळावर, खोकी मोजत. बाबांचे कान लाल झाले होते.

"ग्रंथालयात होत्या या. तिथे सगळं संगणकात गेलं आणि पुस्तकं रद्दीत निघाली. यांनी ती सगळी घरी आणून ठेवली," बाबा भराभर बोलले. "आता ती इथे येतायत. म्हणजे, याही. उद्याचा कागद आमच्या लग्नाचा आहे. तपासण्याही त्यासाठीच केल्या, सगळ्या चोख निघाल्या. तू साक्षीदार."

मुलगी बॅग धरून तशीच उभी. बाई पुढे झाल्या, त्यांनी तिच्या हातातली बॅग काढून घेतली आणि त्या जागी पुस्तकांचं खोकं ठेवलं.

"सांभाळून हं, जड आहे. आणि अशी दारात उभी राहू नकोस, अजून तीन टेम्पो यायचेत."