सकाळी सहा, सांजच्याला सहा

ट्रक सुटायला दहा मिनिटं उरली होती आणि चतुराबाई काही केल्या ऐकत नव्हती. तिची नात ऋतुजा ट्रकमध्ये पत्र्याच्या पेटीवर बसली होती, मांडीवर दप्तर. खाली अभिमन्यू सर हात जोडून उभे. ऊसतोडीला निघालेली सगळी वस्ती गंमत बघत होती.

"मावशी, पोरगी हुशार आहे. आठवीचं वर्ष आहे. सहा महिने तिकडं मोळ्या बांधत बसली, तर शाळा सुटलीच म्हणून समजा. वसतिगृहात ठेवा तिला. मी आहे ना!"

"त्योच तर घोर हाय," चतुराबाई म्हणाली. "तुमी हायत, पण किती दिस?"

हे सरांना लागलं. माणूस काही साधासुधा नव्हता. हवाई दलात लढाऊ विमानं उडवलेली, अवकाशात दोन आठवडे राहून आलेला. उतरल्यावर दिल्लीत मऊ खुर्ची मिळत होती. ती सोडून नांदूरघाटाकडच्या या माळावर निवासी शाळेचे संचालक म्हणून आले, त्याला आज एकोणीस दिवस झाले होते. तेवढ्यात त्यांना कळून चुकलं होतं, की रॉकेटमध्ये बसणं सोपं, पोरांना ट्रकमधून उतरवणं महाकठीण. वस्तीचं म्हणणं एकच. चतुराबाई नातीला ठेवील, तर आमीबी पोरं ठेवू. ती नेईल, तर शाळेला कुलूप लावा खुशाल.

सरांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "मावशी, मी वरून सगळी पृथ्वी पाहिलीय."

"आमचं घर दिसलं का?"

"घर? नाही, एवढं बारीक कसं दिसणार?"

"मग काय बघितलंत, कप्पाळ!"

ट्रकभर हशा पिकला. मुकादम पंडित केबिनमधून ओरडला, "आवरा की लवकर!" चतुराबाईचा आवाज मात्र आता खाली आला.

"सर, राग मानू नका. तुमच्या आधीचे एक सर दिवाळीला गेले ते गेलेच. दुसरे बीडला मीटिंगला गेलते, त्यांची मीटिंग अजून संपली न्हाई. मागं पोरं दोन दिस उपाशी. ही माझी पोर फोनवर रडायली, अन् मी तिकडं फडात, हातात कोयता. काय करनार होते मी? अन् तुमी तर उडनारंच माणूस."

सरांनी नेमणुकीचं पत्र दाखवलं. पदकाचा विषय काढून बघितला. चतुराबाईनं दोन्हींकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

इतक्यात बाभळीला बांधलेली शेळी ओरडली. कबरी तिचं नाव, चतुराबाईची एकुलती एक. फडावर निघताना शेळी अर्धलीनं सोडून जायची रीत, म्हणजे सांभाळेल त्याला निम्मी करडं. पण जी सांभाळणार होती ती वत्सलाबाई सकाळीच लेकीच्या बाळंतपणाला निघून गेलेली, आणि पंडित काही शेळीला ट्रकमध्ये घेईना. चतुराबाईनं शेळीकडं बघितलं. मग सरांकडं बघितलं. मग पुन्हा शेळीकडं.

"सर, धार काढता येती?"

"नाही."

"शिकाल?"

"शिकेन."

एकोणीस दिवसांतलं सरांचं हे सगळ्यात छोटं भाषण.

"मग ऐका. सकाळी सहा, सांजच्याला सहा. डावीकडून बसायचं न्हाई, लाथ घालती. एकाच हाताची सवय लागती तिला, दुसऱ्याला शिवू देत न्हाई. पोरीनं अभ्यास करायचा, धार तुमीच काढायची. एक येळ चुकली की सड सुजतात, अन् ओरडून सगळं शिवार उठवती."

सरांनी खिशातून डायरी काढली. विमानात बसल्यापासूनची खोड होती ती. सांगितलेलं लिहून घ्यायचं आणि जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, मगच पुढचं काम.

"सकाळी सहा, संध्याकाळी सहा. उजवीकडून बसायचं. हात माझाच. वेळ चुकली तर सड सुजणार." मग त्यांनी मान वर केली. "थंडीत कुठं बांधू? खाणं टाकलं तर काय देऊ? आणि तुमचा फोन लागला नाही, तर कोणाला विचारू?"

चतुराबाई बघतच राहिली. आधीच्या दोघांनी भाषणं लई ठोकली होती, असं खोदून खोदून कुणी विचारलं नव्हतं. तिनं एकेक सांगितलं, सरांनी एकेक लिहिलं आणि पुन्हा म्हणून दाखवलं. पंडितनं दोनदा हॉर्न वाजवला, तरी दोघांपैकी कुणी वळून बघितलं नाही.

"ऋतुजा," शेवटी ती म्हणाली, "उतर खाली."

पोरीनं दप्तरासकट उडी टाकली. मागोमाग हरिओम उतरला, मग नाथाच्या दोन्ही पोरी, आणि बघता बघता अकरा पोरं खाली. सर अवकाशातून सुखरूप उतरले तेव्हा सगळ्या देशानं टाळ्या वाजवल्या होत्या, पण इतकं बरं तेव्हाही वाटलं नव्हतं. कबरीचं दावं घट्ट धरून ते छाती काढून उभे राहिले. म्हातारीनं एवढा विश्वास टाकला आपल्यावर! एकुलती एक शेळी सोपवली!

चतुराबाई ट्रकवर चढली. गाडी गुरगुरली. ऋतुजानं खालून विचारलं, "आजी, कबरीला सरांकडं सोडलंस व्हय?"

"न्हाई गं," फळीवरून वाकत चतुराबाई म्हणाली, "सरांना कबरीकडं सोडलंय."