गेटसमोरची गाडी

"एक चाक किती वेळात भरते?" हातातला हवा भरायचा पंप काउंटरवर आपटत मनोहररावांनी विचारलं.

"सहा मिनिटं, काकाजी. पण हा बॅटरीवाला महाग आहे. वायरवाला घ्या, त्याची वायर गाडीतच लागते. गाडी कोणती तुमची?"

"माझ्याजवळ गाडी नाही! धंतोलीत घर हाये, बाजूले हॉस्पिटल. रोज कोणी ना कोणी माझ्या गेटसमोर गाडी लावून पसार होते. मी चारही चाकांची हवा सोडून देतो."

दुकानदार पाहतच राहिला. "मग सोडू नका ना, काकाजी."

"काहून नाही सोडू? गेट माझं हाये! आजही लावली तर सोडीन!" मनोहररावांनी पंप पुन्हा उचलून उलटसुलट पाहिला. "परवा सोडली, अन् तो माणूस धावत बाहेर आला. बायकोसाठी रक्त आणाले निघाला होता. चाकं पाहिली अन् मलेच हात जोडून विचारते, 'बाबूजी, इथं हवा कुठं भरून भेटते?'"

दुकानदाराने बॅटरीवाल्या पंपाचं खोकं पुढं सरकवलं.

"सहा चोक चोवीस मिनिटं! एवढा वेळ कोणाजवळ असते गा? याच्याहून जलद भरणारा दाखव!"