हातमोजा

डॉ. मोनाली गजभिये नागपुरात लकव्याच्या पेशंटांवर काम करते. तिची पद्धत कडक आहे. पेशंटचा चांगला हात जाड हातमोज्यात बांधून टाकायचा, म्हणजे लुळा हात नाइलाजाने का होईना हलायला लागतो. नातेवाईक आधी तिला निर्दयी म्हणतात आणि मग तेच पेढे घेऊन येतात.

या उन्हाळ्यात लकवा तिच्याच बाबांना झाला. कामठीत जन्मभर माग चालवलेला त्यांचा उजवा हात मांडीवर पडून राहिला, वाचाही गेली. मोनालीने त्यांचा डावा हात बांधला, समोर वरणभाताचं ताट ठेवलं आणि आईला जवळ येऊ दिलं नाही.

"काहून छळून राहिली वं त्यायले?" आई रडकुंडीला आली होती. "सकाळपासून पोटात काही नाही. दोन घास भरवू दे मले."

"आता भरवलं तं हा हात कायमचा गेला, आई." मोनालीचाही आवाज फाटला होता. "बाबा, उचला ना. फक्त एकदा उचला."

बाबा ताटाकडे नाही, तिच्याकडे बघत होते. मग उजव्या हाताची बोटं थरथरली आणि तो मांडीवरून हळूहळू वर येऊ लागला.

"उठला वं, हात उठला," आई तोंडाला पदर लावून म्हणाली.

 

हात ताटावरून पुढे गेला, बांधलेल्या डाव्या हाताला जाऊन टेकला, आणि बाबांनी लेकीपुढे हात जोडले.